काचेआधी गाभा : उंच कार्यालयीन इमारतींविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांतील निम्म्याहून अधिक पत्रे उंच कार्यालयीन इमारतींविषयी आहेत. कोल्हापुरात स्टेशन रोड, राजारामपुरी, ताराबाई पार्क या भागांत जुने बंगले आणि वाडे उतरवून व्यापारी इमारती उभ्या राहत असल्यामुळे हे स्वाभाविकच आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : शाहूपुरीत आमची वडिलोपार्जित जागा आहे. तेथे बारा मजल्यांची कार्यालयीन इमारत बांधण्याचा आम्हा तिघा भावांचा विचार आहे. आर्किटेक्टने दिलेल्या नकाशात प्रत्येक मजल्याचा सुमारे चाळीस टक्के भाग जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहे आणि डक्ट यांतच गेलेला दिसतो. थोरल्या बंधूंचे म्हणणे असे, की आर्किटेक्टला जागा वाचवता येत नाही. खरोखर इतकी जागा लागते का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : आपल्या बंधूंची अस्वस्थता समजण्यासारखी आहे, कारण भाडे मिळते ते चटईच्या जागेचे, जिन्याचे नाही. तरीही हा दोष आर्किटेक्टचा नसून बहुधा भूखंडाच्या आकाराचा आहे.

उंच इमारतीत ज्याला गाभा म्हणतात, त्यात दोन जिने, लिफ्ट, अग्निशमन दलासाठीची लिफ्ट, तिच्यापुढची मोकळी जागा, स्वच्छतागृहे, विजेचा, पाण्याचा आणि वातानुकूलनाचा डक्ट एवढे सगळे येते. यांपैकी बहुतेक गोष्टी मजला लहान असला म्हणून लहान होत नाहीत. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कार्यालयीन इमारतीतील जिन्याची रुंदी किमान दीड मीटर हवी आणि उंच इमारतीत असे दोन जिने हवेत. मजला १८० चौरस मीटरचा असो की ५४० चौरस मीटरचा, हे दोन जिने सारखेच राहतात.

आता हिशेब पाहू. १२ मीटर गुणिले १५ मीटर, म्हणजे १८० चौरस मीटरच्या मजल्यावर दोन जिन्यांना ३२, दोन लिफ्टना १०, लिफ्टपुढच्या जागेला १२, स्वच्छतागृहांना १४ आणि डक्टना ६ असे धरले, तरी बेरीज ७४ चौरस मीटर होते, म्हणजे एक्केचाळीस टक्के. याउलट १८ मीटर गुणिले ३० मीटर, म्हणजे ५४० चौरस मीटरच्या मजल्यावर चार लिफ्ट आणि मोठी स्वच्छतागृहे दिली, तरी गाभा १२० चौरस मीटरच्या आसपास राहतो, म्हणजे बावीस टक्के. आपल्या नकाशातील चाळीस टक्क्यांचे उत्तर या दोन बेरजांत आहे. शेजारची जागा मिळण्यासारखी असेल, तर बारा मजल्यांऐवजी सहा रुंद मजले बांधून तेवढेच भाड्याचे क्षेत्र अधिक स्वस्तात मिळेल का, हे आपल्या आर्किटेक्टला अवश्य विचारा. उंचीचा मोह आवरला, तर हिशेब पुष्कळदा बदलतो.

लिफ्ट कमी करून जागा वाचवावी, असे आपल्यालाही सुचले असेल. म्हणून लिफ्टची संख्या कशी ठरते, तेही सांगतो. कार्यालयात सगळे साधारण एकाच वेळी येतात, त्यामुळे सकाळची पाच मिनिटे हीच खरी परीक्षा असते. इमारतीतील माणसांपैकी बारा ते पंधरा टक्के माणसे पाच मिनिटांत वर नेता आली पाहिजेत, असा प्रघात आहे. बारा मजल्यांवर प्रत्येकी पन्नास माणसे धरली, तर सहाशे होतात आणि त्यांचे बारा टक्के म्हणजे बहात्तर. तेरा जणांच्या लिफ्टमध्ये प्रत्यक्षात दहाच माणसे चढतात. एका फेरीला थांबे धरून दोन मिनिटे लागली, तर ती लिफ्ट पाच मिनिटांत पंचवीस माणसे नेते. म्हणजे मोठ्या मजल्यांच्या इमारतीत तीन लिफ्ट आणि वर अग्निशमनाची एक, असा आकडा येतो. आपल्या लहान मजल्यावर माणसे कमी असल्याने दोन पुरतील, पण त्यांपैकी एक दुरुस्तीला बंद असताना पाणी प्यायलाही खाली न उतरणारे भाडेकरू आपल्याला काय म्हणतील, याचा विचार आधी करून ठेवावा.

उंची वाढते, तशी ही अडचण फार वेगाने वाढते, कारण वरच्या मजल्यांना जाणाऱ्या लिफ्ट खालच्या प्रत्येक मजल्याची जागा खात वर जातात. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांत म्हणूनच ४४व्या आणि ७८व्या मजल्यांवर लिफ्ट बदलण्याची ठिकाणे ठेवली होती. मुंबईला जलद गाडीने दादरला उतरून पुढे धीम्या गाडीने जावे, तशीच ती व्यवस्था. खालच्या, मधल्या आणि वरच्या टप्प्यांतील स्थानिक लिफ्ट त्यामुळे एकाच उभ्या डक्टमध्ये एकावर एक बसवता आल्या. उंच इमारत शक्य झाली ती लोखंडामुळे, हे आपण शाळेत शिकतो. पण १८५७ साली न्यूयॉर्कमधील एका पाच मजली दुकानात एलिशा ओटिस यांच्या कंपनीने प्रवासी लिफ्ट बसवली नसती, तर पाचव्या मजल्याच्या वर भाडे देऊन बसायला कोण गेले असते? दोर तुटला, तरी लिफ्ट जागच्या जागी अडकवणारी ओटिस यांची साधी पकड हीच या सगळ्या उंचीची खरी सुरुवात आहे.

प्रश्न : मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या इमारती पाहून कोल्हापूरला असे काही का होत नाही, असे वाटते. आमच्या संस्थेची नवी इमारत पूर्ण काचेची व्हावी, असा माझा आग्रह आहे. काही ज्येष्ठ सभासद काच तापते म्हणून विरोध करतात. आधुनिक काच तर उष्णता अडवते ना?
— एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे बरोबर आहे, आणि आपलेही अर्धे बरोबर आहे. मात्र काच चांगली की वाईट, हा प्रश्न मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. काच कोणत्या दिशेला आहे, हे पाहिले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी कोल्हापुरातील एका तिसऱ्या मजल्यावरील कार्यालयात मला बोलावले होते. कोणते, ते सांगण्याची गरज नाही. रस्त्याकडची, म्हणजे पश्चिमेची सगळी बाजू जमिनीपासून छतापर्यंत निळसर काचेची होती. आत गेल्यावर दिसले, की त्या काचेच्या आतून खालच्या अर्ध्या भागाला जुनी कॅलेंडरे आणि वर्तमानपत्रे चिकटवली होती, वरच्या भागाला एका निवडणुकीतले फ्लेक्स उलटे करून बांधले होते आणि त्यामुळे दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लावून काम चालले होते. बाहेरून पाहिले, तर वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे भाग काचेच्या पुढे लोखंडी अँगलवर लटकत होते, कारण त्यांची जागा नकाशात कोणी ठेवलीच नव्हती. इतकी महागडी काच लावून शेवटी ती कागदाने झाकावी लागली होती.

त्यांना मी जो हिशेब कागदावर मांडून दाखवला, तोच येथे देतो. उन्हाळ्यात दुपारी चारच्या पुढे पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला सहाशे वॅटच्या आसपास ऊन पडते. दहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच काच धरली, तर अठरा किलोवॅट होतात. साध्या पारदर्शक काचेतून त्यातले सुमारे ऐंशी टक्के आत येते, म्हणजे साडेचौदा किलोवॅट. एक टन वातानुकूलन साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढते. म्हणजे निव्वळ उन्हासाठी चार टन झाले, माणसे आणि संगणक यांचे वेगळे. आपण म्हणता तशी चांगली, धातूचा अदृश्य थर दिलेली दुहेरी काच बसवली, तर आत येणारा वाटा पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरतो आणि चार टनांचे सव्वा टन होते. हा फरक मोठा आहे, म्हणून मी आपले अर्धे बरोबर म्हटले. पण त्या जागी साधी विटांची भिंत आणि माफक खिडकी असती, तर सव्वा टनही लागले नसते, आणि काचेचा खर्चही वाचला असता.

दक्षिणेचे ऊन सरळ स्वभावाचे असते. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून पन्नास अंश वर असतो. दीड मीटर उंच खिडकीवर सव्वा मीटरचा छज्जा दिला, की ते ऊन बाहेरच थांबते. उत्तरेला तर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच माध्यान्हीचा सूर्य थोडासा डोकावतो आणि त्यातले बरेच दिवस पावसाचे असतात. अडचण आहे ती पश्चिमेची. मार्चमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य तीस अंशांवर उतरतो आणि त्याच दीड मीटरच्या खिडकीला सावली द्यायची, तर छज्जा दोन मीटर साठ सेंटिमीटर पुढे काढावा लागेल. सूर्य आणखी उतरला, की कोणताच छज्जा पुरत नाही.

हे कोल्हापूरकरांना खरे तर सांगावे लागू नये. श्री अंबाबाईच्या किरणोत्सवात नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणे महाद्वारातून शिरून थेट गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरण, मग कंबर-छाती आणि मग मुख. एवढ्या खोल दगडी मंदिराच्या आत ऊन जाते ते सूर्य जवळजवळ आडवा असतो म्हणून. जे ऊन इतके आत जाते, ते आपल्या लेखापालाच्या टेबलावर येणार नाही, असे मानण्याला आधार नाही.

पश्चिमेला काय करावे, याचे चांगले उदाहरण मलेशियात आहे. केन यांग यांनी क्वालालंपूरजवळ सुबांग जया येथे १९९२ साली बांधलेल्या मेनारा मेसिनियागा या पंधरा मजली कार्यालयाचा गाभा इमारतीच्या मध्यभागी नाही. लिफ्ट, जिने आणि स्वच्छतागृहे त्यांनी पूर्वेच्या तापणाऱ्या बाजूला ढालीसारखी उभी केली. शिवाय लिफ्टपुढच्या जागेला आणि जिन्यांना बाहेरची हवा-उजेड मिळाल्याने त्यांचे वातानुकूलन वाचले. कोल्हापुरात दुपारचे ऊन अधिक त्रासदायक, म्हणून आपल्याकडे हा गाभा पश्चिमेला न्यावा. पहिल्या प्रश्नाच्या वाचकांनाही हे लागू पडते. चाळीस टक्के जागा जाणारच असेल, तर ती निदान ऊन अडवण्याच्या कामी यावी.

आपला आग्रह काचेवरच राहिला, तर ती उत्तरेला आणि काही प्रमाणात पूर्वेला घ्या. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७च्या आवृत्तीतील ठरावीक निकषांनी जाणाऱ्या इमारतीला बाहेरच्या भिंतीच्या ४० टक्क्यांहून अधिक खिडक्या ठेवता येत नाहीत आणि माझ्या अनुभवाने कार्यालयाला त्याहून कमी पुरतात. काचेचा आकारही जपून ठरवावा. लंडनमधील २०, फेन्चर्च स्ट्रीट या मनोऱ्याची दक्षिणेची बाजू आत वळलेली आहे. २०१३ साली बांधकाम चालू असतानाच तिच्यावरून परावर्तित झालेले ऊन एका जागी एकवटले आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीचे काही भाग वितळले. नंतर त्या बाजूला सावलीची पट्टी बसवावी लागली. रस्त्यापलीकडचा शेजारी आपल्या काचेमुळे भाजू नये, ही काळजीही आराखड्यातच घ्यावी लागते.

प्रश्न : मुंबईत मुलाच्या कार्यालयात तिसाव्या मजल्यावर वादळाच्या दिवशी टेबलावरच्या ग्लासातील पाणी हलताना पाहिले. इमारत हलणे धोक्याचे नाही का? कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या माणसाला याची भीती वाटते.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : वाऱ्याने हलणे अपेक्षित असते आणि ते किती हलावे, हेही ठरलेले असते. उंच काँक्रीट इमारतींसाठी २०१७ साली आलेल्या भारतीय मानकात, जे ५० ते २५० मीटर उंचीच्या इमारतींना लागू आहे, वाऱ्यामुळे माथा उंचीच्या पाचशेव्या भागाहून अधिक सरकू नये, असे आहे. म्हणजे शंभर मीटर उंच इमारतीचा माथा वीस सेंटिमीटरपर्यंत. याहून फार आधी माणसांना मळमळू लागते, म्हणून फार उंच इमारतींत हालचाल कमी करण्याची वेगळी सोय करतात. तैपेई १०१ या ५०८ मीटरच्या इमारतीत ६६० टनांचा पोलादी गोळा वरच्या मजल्यांत टांगलेला आहे. इमारत एका बाजूला झुकली, की तो मागे राहून तिला परत ओढतो. आपल्या बारा मजल्यांना याची गरज नाही.

भूकंप ही निराळी गोष्ट आहे. वारा इमारतीच्या अंगावर येतो, भूकंप पायाखालची जमीन हलवतो, आणि इमारत जितकी जड, तितका त्याचा जोर अधिक. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप या भागातील ज्येष्ठांना आठवतो आणि कोल्हापूर परिसर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात धरला जात आला आहे. उंचीपेक्षा मला येथे दोन गोष्टींची अधिक काळजी वाटते. एक म्हणजे खालचा मजला पार्किंगसाठी नुसत्या कॉलमवर मोकळा ठेवणे, किंवा शोरूमसाठी दुप्पट उंचीचा करणे. २६ जानेवारी २००१च्या भूज भूकंपात अहमदाबादेत अशा पोकळ तळमजल्याच्या अनेक इमारती बसल्या. वरच्या मजल्यांना भिंतींमुळे ताठरपणा येतो आणि सगळे वाकणे त्या एकाच मजल्यावर येऊन पडते.

दुसरी गोष्ट वरच्या उत्तरातील माझ्याच सल्ल्याला मुरड घालणारी आहे. गाभ्याभोवती काँक्रीटच्या शिअर वॉल, म्हणजे वारा-भूकंपाचा आडवा जोर पेलणाऱ्या सलग भिंती, असतात आणि इमारतीचा ताठरपणा तेथे एकवटतो. गाभा पश्चिमेच्या टोकाला नेला, की वजन मध्यभागी आणि ताठरपणा एका बाजूला असे होते आणि भूकंपात इमारत पिळवटते. दाराची एक बाजू बिजागरीला घट्ट आणि दुसरी मोकळी असावी, तसे. यावर उपाय आहे : पूर्वेच्या कोपऱ्यांतही पुरेशा शिअर वॉल देणे. पण हे नकाशा पक्का होण्याआधी ठरले पाहिजे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा मंजूर झाल्यावर बोलावण्याची आपल्याकडची सवय या बाबतीत फार महाग पडते.

प्रश्न : आम्हाला फजलुर रहमान खान यांची ‘ट्यूब’ पद्धत शिकवली, पण ती नेमकी कशी चालते, हे उमगत नाही.
— वास्तुकलेची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आधी थोडे मागे जाऊ. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याचा आपला नवा राजवाडा १८८४ साली पूर्ण झाला. त्यातले सगळे वजन दगडी भिंती तोलतात. पुढच्याच वर्षी शिकागोत विल्यम ले बॅरन जेनी यांची दहा मजली होम इन्शुअरन्स बिल्डिंग उभी राहिली. तिच्यात वजन लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर टाकले होते. शिकागोतच १८९१ची मोनॅडनॉक बिल्डिंग मात्र सोळा मजले विटांच्या भिंतींवरच चढली आणि तळाशी तिची भिंत सुमारे सहा फूट जाड करावी लागली. त्यानंतर त्या वाटेने फारसे कोणी गेले नाही.

सांगाड्याने वजनाचा प्रश्न सुटला, वाऱ्याचा सुटला नाही. चाळीस-पन्नास मजल्यांच्या वर कॉलम-बीमची चौकट वाऱ्यापुढे टिकवायला लागणारे पोलाद भयंकर वाढू लागले. ढाक्यात जन्मलेले स्ट्रक्चरल इंजिनिअर खान यांनी शिकागोत असे सुचवले, की वाऱ्याला तोंड देणारे कॉलम आत विखुरण्याऐवजी बाहेरच्या परिघावर जवळजवळ उभे करावेत आणि त्यांना खोल बीमनी जोडावे. मग सबंध इमारत एका पोकळ नळीसारखी वाकते. बांबू पोकळ असूनही ताठ का असतो, याचे कारणही तेच : सामान मध्यापासून दूर, कडेला आहे. १९६९च्या जॉन हॅनकॉक सेंटरमध्ये त्यांनी परिघावर प्रचंड तिरक्या पट्ट्या दिल्या. १९७०च्या दशकातील सिअर्स टॉवरमध्ये नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. आपल्याकडची उसाची मोळी डोळ्यांपुढे आणा. एक ऊस सहज वाकतो, बांधलेली मोळी वाकत नाही. शिवाय मोळीतील सगळेच ऊस सारख्या उंचीचे असावे लागत नाहीत. सिअर्स टॉवरच्या दोन नळ्या ५०व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६व्या, तीन ९०व्या आणि उरलेल्या दोनच माथ्यापर्यंत जातात. उंचीनुसार आकार बदलल्याने वाऱ्याचे भोवरे एकाच लयीत सुटत नाहीत, हा त्याचा आणखी एक फायदा. बुर्ज खलिफाच्या ८२८ मीटरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या आकारामागेही वाऱ्याला चकवण्याचा हाच विचार आहे.

प्रश्न : आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक बाजू मोकळी सोडली आहे. तेथे पँट्री करता येईल का?
— एक भाडेकरू, न्यू शाहूपुरी

उत्तर : नाही. ती आश्रयाची जागा आहे. आग लागल्यास खाली उतरू न शकणाऱ्यांनी तेथे थांबावे आणि अग्निशमन दलाने त्यांना तेथून काढावे, यासाठी ती ठेवतात. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार अशी पहिली जागा २४ मीटरच्या वर लगेच आणि पुढे साधारण दर १५ मीटरना हवी. मजल्याची उंची ३.८ मीटर धरली, तर ती सातव्या आणि अकराव्या मजल्यांवर येते. तेथे गॅसची शेगडी मांडणे म्हणजे ज्या आगीपासून पळायचे, ती तेथेच आणून ठेवणे आहे. जुनी कपाटे, दिवाळीच्या सजावटीचे खोके यांनाही तेथे जागा नाही.

प्रश्न : व्हीनस कॉर्नरजवळ दोन तळघरांची व्यापारी इमारत प्रस्तावित आहे. महापुराचा विचार करता हे शहाणपणाचे आहे का? जागेत काळी माती आहे, तिचाही परिणाम होईल का?
— एक वाचक, लक्ष्मीपुरी

उत्तर : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती ५५ फुटांच्या वर गेली आणि व्हीनस कॉर्नर परिसरात पाणी आले, हे आपण स्वतः पाहिले असेल. अशा जागी तळघर बांधूच नये, असे मी म्हणणार नाही, कारण गाड्या ठेवायला दुसरी जागा नसते आणि पुराचा इशारा मिळाल्यावर गाड्या हलवता येतात. हलवता येत नाहीत त्या तीन गोष्टी : विजेचे मुख्य पॅनल, जनरेटर आणि पाण्याचे पंप. नेमक्या याच गोष्टी आपल्याकडे तळघराच्या कोपऱ्यात ढकलतात, कारण तळमजल्यावरची जागा दुकानाच्या भाड्याची असते. तळघरात पाणी शिरले, की वीज जाते, विजेबरोबर पाणी उपसणारा पंपही बंद पडतो आणि वरच्या दहा मजल्यांची लिफ्ट उभी राहते.

काळ्या मातीबद्दल थोडक्यात. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून तिच्यावर पाया कधीच टेकवत नाहीत. ती पूर्ण काढून खालच्या मुरमापर्यंत किंवा काळ्या पाषाणापर्यंत जातात आणि दोन तळघरांसाठी एवढे खोल जावेच लागते, त्यामुळे पायाचा प्रश्न येथे आपोआप सुटेल. उरतो तो पाण्याचा वरच्या दिशेचा रेटा. पुराच्या वेळी भोवतालची जमीन पाण्याने भरली, की रिकाम्या तळघराला ते पाणी खालून वर उचलू पाहते. बांधकाम पूर्ण झाल्यावर वरच्या मजल्यांचे वजन ते दाबून धरते, पण एप्रिलमध्ये खड्डा खणून जुलैपर्यंत नुसती तळघराची पेटीच तयार झाली असेल, तर तिला दाबायला वर काहीच नसते. म्हणून कंत्राटदाराला कामाचा क्रम लेखी विचारा : पहिला पाऊस येण्याआधी किती स्लॅब पडलेले असतील आणि तोवर तळघराभोवतीचे पाणी उपसायला पंप कोणता, त्याला वीज कोठून. आणि मुख्य पॅनलची खोली पहिल्या मजल्यावर, गाभ्याला लागून दाखवलेला नकाशा हातात आल्याशिवाय गाळ्याचे आगाऊ पैसे भरू नका.